दोन सुडांचा विळा

मित्रांनो, मी एक जुना विळा आहे. आमचे भिलाई मध्य प्रदेशात होते तेव्हा हथखोजच्या एका लोहाराने ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यापासून मला घडवले. गयाबाईने मला विकत घेतले. तिचा नवरा केवलराम पोलाद कारखान्यात कामगार. क्वार्टरमागे ती टमाटर लावायची आणि दारोदार विकायची. "असी धार कोनाच्याच विळ्याले नाही," असे ती म्हणे, तेव्हा मी मनात फुलून जाई.

एके दिवशी शेजारच्या तुळसाबाईने नळावर साऱ्यांसमोर म्हटले, "गयाबाई नालीचं पानी टाकते भाजीले." झाले! तिचे टमाटर कोणी घेईना. ते झाडावरच पिकून फुटले. गयाबाई भांडली नाही; पण मला धार लावताना दात खाई.

त्याच हिवाळ्यात तिच्या एका झाडाची पाने हिरवी-पिवळी, चितकबरी झाली, आकसून दोऱ्यासारखी बारीक झाली. शेतकी खात्याचे साहेब आले. कुंपणापाशी जमलेल्या बायांना, त्यांत तुळसाबाईही होती, त्यांनी सांगितले, की हा विषाणूचा रोग आहे, तो रसातून पसरतो. झाड उपटून जाळा, विळा आणि हात साबणाने धुवा.

गयाबाईने झाड जाळले नाही. तुळसाबाई दुर्गला लग्नाला गेली, त्या दुपारी तिने रोगट पानांचा रस माझ्या पात्याला चोळला आणि कुंपणापलीकडच्या एकेक झाडाचा शेंडा छाटला. मग मला स्वच्छ धुतले.

काही दिवसांनी तुळसाबाईची सारी बाग चितकबरी झाली.

"माह्या झाडाचे शेंडे कोनं छाटले वं?"

"मले काय मालूम, बाई!" गयाबाई हसली. त्या हसण्याने तुळसाबाईला सारे कळले.

"मंग विळा तरी दे. झाडं कापून टाकतो."

शेजारणीची उजाड बाग बघण्याच्या हौसेने गयाबाईने मला दिले आणि ती आत भाकरी टाकायला गेली. परत आली तेव्हा तुळसाबाई गयाबाईच्याच वाफ्यात उभी होती.

"घे तुहा विळा," ती शांतपणे म्हणाली. "तुह्या बी झाडाचे शेंडे छाटून देल्ले."

मी हिरव्या रसाने ओला होतो. थोड्याच दिवसांत गयाबाईचीही बाग चितकबरी झाली.

त्या वर्षी दोघीही सुपेल्याच्या बाजारात एकाच भाजीवालीच्या टोपलीतून विकतचे टमाटर निवडत होत्या, एकमेकींकडे न बघता. मी मात्र खुंटीवर गंजत राहिलो.

मित्रांनो, मला हातात घ्याल तेव्हा आधी साबणाने धुवा. आणि मनात राग असेल, तर मला खुंटीवरच राहू द्या.