मधला तुकडा

तिने तळलेल्या माशाची ताटली खानावळवाल्याकडे परत सरकवली. "हे माझं नाही. मी भाजी-भात सांगितला होता."

खानावळवाल्याने कपाळाला हात लावला. भाजी-भात चुकून पलीकडच्या टेबलावर गेला होता, आणि तिथल्या मेकॅनिकने मान वर न करता तो निम्मा उडवलाही होता. दुसरी ताटली करायला वेळ लागेल, असं खानावळवाला ओशाळून म्हणाला. वेळच तर तिच्याकडे नव्हता. ती गाडी चालवायला शिकवायची; शिकणारे तिला मास्तरीणबाई म्हणत. सकाळी एका पठ्ठ्याने क्लचची पार वाट लावली होती, गाडी शेजारच्या गॅरेजात पडली होती, आणि दुपारची शिकवणी तोंडावर आली होती.

"मला मासे चालत नाहीत," ती म्हणाली.

"खाल्ले तर काय होतं?"

ती उत्तर द्यायला गेली आणि थबकली. काय होतं ते तिला माहीतच नव्हतं. धाकटीला मासे चालत नाहीत, हे घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. लग्न ठरलं तेव्हा आईने सासरीही आधीच तसं कळवून ठेवलं होतं. पुढे नवराही चारचौघांत तेच सांगायला लागला.

पोटात कावळे कोकलत होते. तिने कडेचा एक तुकडा मोडला.

वरून कुरकुरीत, आत मऊ. बोट लावताच पाकळ्या सुटत होत्या. मीठ, मिरी आणि वर पिळलेलं लिंबू, बाकी काही नाही. काटे काढायची सवय नव्हती, तरी तिने एकेक शोधून ताटलीच्या कडेला लावला आणि मासा संपवला. मग दुसरा मागवला. मळमळलं नाही, अंगाला खाज सुटली नाही. तिला आजवर इतकं आवडलेलं दुसरं काही आठवेना.

"तुमचा भात झकास होता हो, बाई," मेकॅनिक हात धुता धुता म्हणाला.

ती हसली नाही. तिची कानशिलं तापली होती. पन्नाशी उलटली, आणि हे आज कळावं.

त्या आठवड्यात ती रोज खानावळीत गेली. खानावळवाला न विचारता मासा तव्यावर टाकू लागला. ती रोज चाटूनपुसून खायची, आणि रोज बाहेर पडताना आदल्या दिवसापेक्षा जास्त चिडलेली असायची. शिकणाऱ्यांवर खेकसायची. एकाला तर ब्रेक उशिरा दाबला म्हणून रस्त्याच्या मधोमध उतरवलं.

रविवारी सगळे दादाकडे जेवायला जमले. आई दादाकडेच असायची. वहिनीने सगळ्यांना मासे वाढले आणि सवयीने तिच्या ताटात बटाट्याची भाजी घातली.

"वहिनी, मला मासा वाढ."

दादाला हसू आलं. आज सूर्य पश्चिमेला उगवला का, असं त्याने विचारलं. वहिनीने बिचकत शेपटीकडचा उरलेला तुकडा तिच्या ताटात ठेवला. सगळे बघत राहिले. तिने तो शांतपणे खाल्ला, बोटं पुसली आणि आईकडे वळली.

"मला मासे चालत नाहीत, हे कुणी ठरवलं?"

आईने आधी लहानपणी उठलेल्या पुरळाचं सांगितलं. मग वासाचं. मग बाबांच्या स्वभावाचं. तिने नजर हटवली नाही. शेवटी आईने हातातला घास ताटात ठेवला.

"तुकडे पुरायचे नाहीत गं. कुणाला तरी नाही म्हणावं लागायचं. दादा ताट भिरकावून द्यायचा. तू मात्र दिलं ते खायचीस."

"म्हणून?"

"म्हणून तुलाच मासे चालत नाहीत असं म्हटलं. मग तेच चालत राहिलं."

दादाने घसा खाकरला. खाण्यावरून कसली जुनी मढी उकरतेस, आता जाऊ दे, असं काहीसं तो म्हणाला. आता ती 'असू दे' म्हणेल, याची सगळे वाट बघत होते. आजवर तिनेच ते म्हटलं होतं. दरवेळी, कुणी मागायच्या आत.

"मला अजून एक हवा," ती म्हणाली.

वहिनीने पातेलं तिरकं करून दाखवलं. तळाशी तेल तेवढं उरलं होतं. शिल्लक होता तो दादाच्या ताटातला मधला जाड तुकडा. तो दादाने शेवटी खायला राखून ठेवला होता.

आईने हात लांब केला. तुकडा उचलताना त्याची एक कड तुटून दादाच्या भातावर पडली.

"आई, अगं..." दादा म्हणाला.

आईने त्याच्याकडे बघितलं नाही. तुकडा लेकीच्या ताटात ठेवला आणि बोटं पुसायचं विसरून ती तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

तिने काटे बाजूला काढले, पहिला घास घेतला आणि सावकाश चावला. राग होता तिथेच होता.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि दुसरा घास मोडला.