'स'चा 'त'

'ध'चा 'मा' करणारे इतिहासात होऊन गेले. देवबागच्या रसिकाने 'स'चा 'त' केला, आणि तोही कुणाचं वाईट चिंतून नव्हे, घाईघाईत.

सकाळी शेजारची अपेक्षा गणिताचं पुस्तक घेऊन तिच्या पडवीत बसली होती. साखर आणि कोकम यांचं प्रमाण दोनास एक, दोन्ही मिळून सहाशे ग्रॅम, तर कोकम किती? पोरीने बेधडक तीनशे लिहिलं.

"काकी, दोनात एक म्हणजे अर्धा. मासळीच्या वाट्यात तसाच धरतत."

"ता वाट्यात. हय दोना'स' एक आसा गो. कोकम x मान, साखर झाली 2x. मिळून 3x, म्हणजे सहाशे. मगे x दोनशे. दोनात एक आणि दोनास एक..."

बोलता बोलता रसिका थांबली. काल तिचा नवरा जितेंद्र फायबरच्या होडीची तळाची भेग बुजवत होता. रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर, असे दोन डबे. डब्यावर 'दोनास एक' हे प्रमाण वाचून रसिका आत गेली, आणि भात उतू चालला म्हणून चुलीजवळूनच ओरडली, "दोनात एक घाला!" जन्मभर वाटे घालणाऱ्या माणसाने ते ऐकलं आणि निम्मं निम्मं कालवलं.

ती मागीलदारी धावली. करवंटीत उरलेलं मिश्रण एव्हाना दगड व्हायला हवं होतं. वरून साय धरली होती, पण बोट टेकताच आत रुतलं. असलंच ठिगळ घेऊन जितेंद्र पहाटे एकटा समुद्रात गेला होता.

रसिका इतकी घाबरली की फोनमध्ये नवऱ्याचं नाव सापडेना. सापडलं तर फोन लागेना. अपेक्षा विचारत होती, उत्तर दोनशेच ना, पण काकीचं लक्ष कुठे होतं? शेवटी पलीकडून वारा ऐकू आला.

"होडयेत पाणी येता?"

"येता. तुका कसा कळला?"

"माजी चूक झाली. माघारी फिरा. जाळा ओढीत बसू नकात, कापून टाका."

मच्छीमाराच्या बायकोने असं बोलायचं नसतं. जाळ्यापायी जितेंद्र सख्ख्या भावाशी भांडलेला माणूस. आता तो खेकसेल म्हणून ती कान देऊन उभी राहिली, आणि त्याने खेकसावंच असं तिला मनापासून वाटत होतं.

"ता कवाच कापलंय," तो हळू म्हणाला. "तू फोन ठेवू नको."