बोतानचा नवस

कौलाच्या दोन्ही लाकडी चंद्रकोरी फरशीवर आपटल्या, गिरक्या घेतल्या आणि सपाट बाजू वर करून पडल्या. म्हणजे देवी हसली. मागे उदबत्त्या धरून रांगेत उभ्या असलेल्या बायकाही हसल्या, पण खाली मान घालून. बोतान वळून कुणाकडे बघेल याची गावाला नेहमीच धास्ती.

"परत हसली," देवळाच्या पंचांचा म्होरक्या लिम म्हणाला. "वाकडं विचारलं की हसते ती. सरळ विचारा ना, वहिनी."

"सरळच विचारलं. नवस जुना झाला, आता सोडून दे, एवढंच म्हणाले."

"जुना झाला म्हणून सोडायला तो काय घरातला पंखा आहे?"

"लिम्या, तुझ्या बापाच्या दारात आमच्या ह्यांनी पहिल्यांदा गाडी उघडली तेव्हा तुला नाक पुसता येत नव्हतं. मला नवस शिकवू नकोस."

लिम हटला नाही. त्याचंही खोटं नव्हतं. एक कोर सपाट आणि एक फुगीर पडली तर देवीचा होकार, दोन्ही फुगीर पडल्या तर नकार, दोन्ही सपाट पडल्या तर हसणं. मोठ्या गोष्टीला लागोपाठ तीन होकार लागतात. सकाळपासून बोतान गुडघ्यांवर बसली होती आणि तिला एकही मिळाला नव्हता. बाहेर अंगणात तिची गाडी भिंती मिटून उभी होती, आत मुलाचे ड्रम. समुद्राच्या देवीचा, मात्सूचा, आज वाढदिवस. सगळं गाव पोरंबाळं घेऊन देवळात आलेलं, आणि सगळ्या गावाला एकच गोष्ट बघायची होती. बोतान नवस फेडते की नाही.

नवस गावादेखत बोललेला, त्यामुळे कानावर हात ठेवायची सोय नव्हती. नवरा गेल्यावर त्याची मंचगाडी बोतानने चालवायला घेतली. भिंती खाली पाडल्या की रंगमंच होणारा, रंगीत दिव्यांनी मढवलेला ट्रक. मयतीला भाड्याने रडणाऱ्या गायिका, निवडणुकीला ओरडणारे पुढारी, जत्रेला बाहुल्यांचे खेळ, सगळे तिच्याच फळ्यांवर नाचून गेले. मुलगा आशुन तेव्हा तेलाच्या कारखान्यात लागला होता. गणवेश मिळाला होता, जेवणाचा डबा मिळत होता. ते सोडून तो ड्रम बडवायला बसला. जोडीला दोन मित्र, गिटार वाजवून गाणारा हायमिन आणि जाड तारांच्या गिटारवरचा आकुन. नाव काय, तर 'ओहोटी'. निदान भरती तरी ठेवायचं.

आणि संगीत तरी कसलं. लोखंडावर लोखंड घासावं तसा आवाज, तोही सरळ चालणारा नाही. सात ठोके झाले की पाच, मग अकरा. ऐकणाऱ्याचा पाय जरा हलायला लागला की मुद्दाम वाट बदलायची. एक गाणं सुरू झालं की भात शिजून, खाऊन, भांडी घासून व्हायची, तरी गाणं आपलं मधेच. पहिल्यांदा ऐकलं त्याच दिवशी बोतान देवळात जाऊन सगळ्यांसमोर ओरडली होती, "मात्सूआई, वर्षाच्या आत हा बँड मोड. तीन दिवसांचं नाटक घालीन तुझ्यापुढे."

वर्ष गेलं. बँड मोडला नाही. वीसच्या वर वर्षं गेली तरी मोडला नाही.

त्यांचा पहिला कार्यक्रम एका डुकरांच्या व्यापाऱ्याच्या मयतीला झाला, कारण रडणाऱ्या बाईचा घसा बसला होता. मयताचा भाऊ म्हणाला, भुतं नक्की पळाली, पाहुण्यांचं विचारू नका. मग तैपेईची तळघरं झाली, जपान झालं. एक रेकॉर्ड तर त्यांनी न गाताच केली. कालवं फोडणाऱ्या बायकांच्या सुऱ्यांचा आवाज आणि बोतानची गाडी उघडताना जी कण्हते ते कण्हणं, त्यावर ड्रम. तिच्याआधीच्या रेकॉर्डची सुरुवात बोतानच्या आवाजाने होते. "बंद करा रे तो गोंधळ, मढी उठून बसतील." हे तिला न विचारता टेप केलेलं. पुढे जर्मनीत एका जत्रेत सगळ्यांत लहान तंबू यांच्या वाट्याला आला, तर तिथली गोरी पोरं बोतानची तीच शिवी तिच्याच भाषेत, एका सुरात ओरडत होती. आशुनने येऊन सांगितलं तेव्हा बोतान म्हणाली, "त्यांना काय आया नाहीत?"

पोट त्यावर भरत नव्हतं. हायमिन मासळीच्या तळ्यांवरची पाणी घुसळणारी चाकं दुरुस्त करायचा, आकुन शाळेची बस चालवायचा, आशुन आईबरोबर गाडीवर. देवीच्या दर वाढदिवसाला हायमिन विचारायचा, "मावशी, नाटकमंडळी ठरवलीत का?" आणि बोतान म्हणायची, "ठरवलीय, तुझ्या मयताला." देशात त्यांना सगळीकडे घेऊन गेली तीच. बाहेर ते वाजवत असताना ती चालकाच्या जागेवर बसून सुपारी चघळायची. गाणं आवडतं असं तिने कधी म्हटलं नाही. मात्र मधेच कुणी खिडकीवर टकटक केली तर काच खाली घ्यायची नाही.

मग मागल्या थंडीत, ओसाकामध्ये, आशुनच्या उजव्या हातातून काठी पडली. पुन्हा घेतली, पुन्हा पडली. नंतर बोटं आपणहून आत वळायला लागली, गोगलगाय शंखात शिरते तशी. ताइचुंगचा डॉक्टर म्हणाला, हात धड आहे, डोक्याचा हुकूम हातापर्यंत पोचत नाही. बाकी कामं थोडीफार होतील, ड्रम विसरा. दुसरा वाजवणारा घेऊ असं हायमिनला कुणीतरी सुचवलं. हायमिन म्हणाला, "दुसरा आशुन कुठून आणू?" ओहोटीने कळवून टाकलं, एक शेवटचा कार्यक्रम, आपल्या गावात, देवळासमोर, मात्सूच्या वाढदिवसाला.

आशुन घरी येऊन हसत म्हणाला, "घे आई. मोडला एकदाचा. घाल आता नाटक."

बोतानही हसली. मग गाडीत जाऊन बसली, चावी फिरवली, आणि कुठे जायचंय तेच तिला आठवेना.

गावाला मात्र सगळं आठवत होतं. बँड मोडल्याचं कळलं त्यानंतर खाडीतली कालवं मेली होती. देवी उशिरा का होईना पावली आणि बोतानने फेडलं नाही, म्हणून मेली, असं बायका बोलायला लागल्या. बोतानने जन्मात कुणाचं काही ठेवलं नव्हतं. पण हे फेडायचं म्हणजे पोराचा हात गेला म्हणून देवीसमोर आनंदाने नाटक घालायचं. ते तिच्याच्याने होत नव्हतं.

तिने चंद्रकोरी पुन्हा कपाळाला लावल्या. "तीन दिवस नाटक घालते. आभार मानणार नाही." टाकल्या. दोन्ही फुगीर.

"नाही म्हणते," लिम म्हणाला. "आणि कसं म्हणेल? खेळ घालणाऱ्याचं नाव नि आभार लाल कागदावर लिहून मंचाला चिकटवायचे, ही रीत आहे. वहिनी, तुमच्या पोटात दुसरंच काहीतरी आहे. ते काढा बाहेर. ती काय परकी आहे?"

आशुन केव्हा आत आला आणि शेजारी गुडघे टेकून बसला, ते बोतानला कळलं नाही. तिची मान खालीच होती. जिची जीभ कलेक्टरसमोर कधी अडखळली नाही, तिला दोन शब्द जुळवायला वेळ लागला.

"मात्सूआई," ती पुटपुटली, "त्याचा हात... तू माझ्या शब्दावरून घेतलास का?"

आणि हात उघडला.

एक कोर लगेच आडवी झाली. फुगीर. दुसरी कडेवर उभी राहून भिंगरीसारखी फिरायला लागली. फिरता फिरता तिचा वेग कमी झाला, ती एका अंगाला कलली, आणि त्याच क्षणी तिच्यावर एक हात पडला. वळलेल्या बोटांचा, उजवा.

"अरे," लिमच्या तोंडून निघालं. देवीच्या कौलावर हात ठेवलेला गावात कुणी पाहिला नव्हता.

"हात काढ," बोतान म्हणाली.

"नाही काढणार."

"आशुन, मला बघायचंय."

"काय बघणार? हो म्हणाली तर काय करशील, आई? देऊळ जाळशील? आणि नाही म्हणाली तर विश्वास ठेवशील?" तो हळू बोलत होता, घरात बोलावं तसा. "हात माझा आहे. विचारायचं असेल तर मी विचारीन. मला नाही विचारायचं."

त्याने तळवा तसाच दाबून ठेवून कोर फरशीवरून ओढत स्वतःकडे घेतली. कुठली बाजू वर होती, कुणालाच दिसलं नाही. बोतान त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने दुसरी कोर उचलून त्याच्या डाव्या हातात दिली.

आशुनने स्वतःचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, घराचा क्रमांक सांगितला, जसं देवीला सांगावं लागतं. "आईचा नवस आहे. नाटक नाही, आमचंच एक गाणं वाजवतो. ऐकशील का?"

डाव्या हाताने टाकताना कोरी वेड्यावाकड्या गेल्या. एक सपाट, एक फुगीर. होकार. दुसऱ्यांदाही होकार. रांगेतल्या बायका आता पुढे सरकल्या होत्या, त्यांच्या उदबत्त्यांची राख बोतानच्या मानेवर पडत होती आणि ती झटकत नव्हती. तिसऱ्यांदा एक कोर समोर फुगीर पडली, दुसरी घरंगळत वेदीच्या टेबलाखाली गेली.

लिम आपलं पोट सांभाळत गुडघ्यांवर आला आणि टेबलाच्या झालरीखाली डोकं घातलं.

"काय आहे?" बोतानने विचारलं.

"थांबा, अंधार आहे."

"लिम्या."

"सपाट," आतून आवाज आला. "सपाट आहे, वहिनी."

लिमने लाल कागद लिहायला घेतला तेव्हा बोतान त्याच्या खांद्यापाशी उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं नाव दिसायला कसं असतं ते ती ओळखत होती. "माझं नाव लिही. त्याच्या पुढे एक जरी अक्षर दिसलं ना, तर कागद तुला चावून गिळायला लावीन."

"निदान 'आभार'..."

"गिळायला लावीन."

गाडी उघडली. मंचासमोरची पहिली रांग लाल स्टुलांची, देवांसाठी मोकळी ठेवलेली. तिच्यामागे गाव, आणि गावामागे तैपेईहून आलेली, भर उन्हात काळे कपडे घातलेली पोरं. पोरं कसली, अर्ध्यांच्या दाढ्या पिकल्या होत्या. लिमने तिघांना बजावलं, देवीसमोर सुरू केलेला खेळ मधे सोडायचा नसतो, सोडला तर वर्षभर होड्यांची खैर नाही. आकुन म्हणाला, "आमचा खेळ मधे कुठे असतो ते आम्हालाच कळत नाही, काका."

आशुनने उजव्या तळव्याला फडक्याच्या पट्टीने काठी बांधून घेतली होती. गाणं सुरू झालं. म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले, पण उठलं कुणी नाही. बोतान गाडीच्या दिव्यांच्या बटणांपाशी उभी होती. सात, पाच, पुन्हा सात. जिथे ठोके पळायला लागतात तिथे ते पळाले. पट्टी ढिली झाली. काठी सुटली, हवेत उलटी झाली आणि देवांच्या स्टुलांमधे जाऊन पडली.

लिम अर्धवट उठला.

"बस खाली," बोतान त्याच्याकडे न बघता म्हणाली.

आशुनने उजवा हात मांडीवर घेतला, दुसऱ्याचं मूल घ्यावं तसा, आणि डाव्या हाताने व दोन्ही पायांनी वाजवत राहिला. जिथे उजव्याचा ठोका यायचा, तिथे काहीच आलं नाही. हायमिनने एकदाच मागे वळून पाहिलं. पुढच्या फेरीला ती जागा आली तेव्हा त्यानेही तार छेडली नाही. मग आकुननेही. पुलावरची निघालेली फळी तिघांनी ओलांडावी, तसे ते प्रत्येक वेळी त्या रिकाम्या जागेवरून पलीकडे गेले. गावाला वाटलं, गाणं असंच असेल. त्यांच्या गाण्यातलं कुणाला काय कळत होतं. काळ्या कपड्यांतल्यांच्या माना मात्र हलायच्या थांबल्या होत्या. आणि बोतानचं बोट, जिथे ठोका यायला हवा होता तिथे तिथे, गाडीच्या पत्र्यावर टेकत होतं. आवाज न करता.

संपलं ते शेवटपर्यंत वाजून संपलं. आशुन उठला, देवळाकडे वळून वाकला. देवीसाठी असलेल्या खेळाला टाळ्या वाजवत नाहीत, त्यामुळे नुसता समुद्राकडचा वारा ऐकू येत होता. काठी तशीच पडून राहिली. देवांच्या रांगेत पाऊल कोण टाकणार?

मग पत्र्याच्या मांडवात पंगत बसली. बाहेरून आणलेली कालवं घालून परतलेल्या तांदळाच्या शेवया, गरम, तेलाने चकचकीत. आशुन आईशेजारी बसला. जेवायच्या काड्या धरता येत नव्हत्या, म्हणून त्याने सूपचा चिनीमातीचा चमचा डाव्या हातात घेतला आणि शेवया उचलायला लागला. चमच्यावरून त्या घसरत होत्या.

समोर लिमची बायको होती. मनाने चांगली बाई. ती चुकचुकली. "अरेरे. बायको तरी करायची होतीस रे वेळेवर. भरवलं असतं."

आशुन हसला आणि खाली बघून पुन्हा चमचा घातला.

बोतानने हातातल्या काड्या थाळीपलीकडे ठेवून दिल्या. सूपमधला चमचा काढला, झटकला आणि डाव्या हातात धरला. पहिला घास तोंडापर्यंत पोचलाच नाही, शेवया तिच्या नव्या पायजम्यावर पडल्या.

"अगंबाई, वहिनी, तुम्ही का..."

"मला अशाच आवडतात," बोतान म्हणाली. "तू तुझं बघ, गार होतंय."

तिने दुसरा घास घेतला. त्यातलाही अर्धा सांडला. आजूबाजूची माणसं जेवून उठली, मुलं पेल्यांचे मनोरे रचायला लागली, कुणीतरी टेबलावरचा लाल प्लॅस्टिकचा कागद एका टोकाने गुंडाळत जवळ आलं. मायलेकांनी मान वर केली नाही. शेवया घसरत होत्या, ते दोघं त्या पुन्हा चमच्यावर घेत होते.