शेजारची सीट

साडूने नवी गाडी घेतली, त्याचं आपल्याला काहीच वाटलं नाही, असं सीटवाला भेटेल त्याला सांगत होता. कुणी विचारलेलं नसताना सांगत होता, त्यावरूनच काय ते ओळखावं.

तो सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीट शिवायचा. साडू, म्हणजे धाकट्या मेहुणीचा नवरा, विमा विकायचा आणि गोड बोलून विकायचा. नव्या गाडीचं काचेचं छप्पर, बटण दाबलं की मिटणारे आरसे, सगळं त्याने मुद्दाम घरी बोलावून दाखवलं. सीटवाल्याने आरसे मिटलेले पाहिले, उघडलेले पाहिले, "छान" म्हणाला, आणि घरी येऊन विनाकारण मांजरावर खेकसला. तरी इथवर ठीक होतं. आरशांशी त्याचं काही वैर नव्हतं.

घात झाला रविवारी. दोघी बहिणी साडूच्या गाडीतून मामांना भेटून आल्या, आणि उतरता उतरता मेहुणी हसत म्हणाली, "भाऊजी, ताई जाता-येता गाढ झोपली होती. चक्क घोरत होती."

सीटवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कारणही तसंच होतं. काही वर्षांपूर्वी बायको जिन्यावरून पडली, तेव्हापासून तिला कुठल्याच खुर्चीत धड बसवत नसे. मग त्याने आपल्या गाडीतली शेजारची सीट उसवली, कंपनीचा फोम फेकून दिला आणि तिच्या पाठीच्या मापाने नवी बांधली. खाली काथ्या, वर एक कडक आणि एक मऊ फोम, कमरेशी हाताने भरलेली उशी. तिला बसवून बघायचा, कपाळाला आठी दिसली की पुन्हा उसवायचा. गाडी जुनी होती, पण कधी रस्त्यात रुसून बसली नव्हती. कडाक्याच्या थंडीतही पहिल्या चावीला सुरू व्हायची. एवढं असूनही त्या सीटवर बायकोचा डोळा कधी लागला नव्हता. सीटमध्येच कुठेतरी खोट राहिली आहे असं धरून तो अधूनमधून ती नव्याने शिवत असे.

आणि ही बया साडूच्या गाडीत, कुणाच्याही पाठीचं माप न घेता यंत्राने दाबून काढलेल्या सीटवर घोरली! ती साडूचं कौतुक करत बसली असती, तरी त्याला इतकं लागलं नसतं. त्याला त्या सीटचा हेवा वाटत होता, आणि हे सांगायचं तरी कुणाला?

"ही देऊन नवी घेऊ," त्याने जाहीर केलं. बायको म्हणाली, चांगली चालतेय की. तो म्हणाला, जुनी झाली.

"आपणही झालोय," ती म्हणाली. पण शनिवारी त्याच्याबरोबर शोरूममध्ये आली.

तिथल्या माणसाने जुन्या गाडीभोवती फेरी मारली, इंजिन ऐकलं, खूश झाला. मग शेजारचं दार उघडून सीट दाबून पाहिली आणि म्हणाला, ही कंपनीची नाही, हिच्यामुळे गाडीची किंमत उतरेल. सीटवाल्याने ते दार स्वतःच्या हाताने लावून घेतलं. तेवढ्यात सेल्समनने बायकोला नव्या गाडीत बसवलं. सीटवाला दाराशी उभा राहून तिचा चेहरा निरखू लागला. कपाळावर आठी नव्हती.

"कशी आहे?"

"मऊ आहे."

"झोप येईल?"

"येईल की."

आता त्याला राहवेना. "मग आपल्या गाडीत का येत नाही तुला? काय चुकलंय त्या सीटमध्ये, ते सांग एकदाचं."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. "सीटमध्ये काय चुकायचंय? घरच्या पलंगापेक्षा बरं वाटतं मला तिच्यावर."

"मग?"

"अहो, तुम्ही झोपू देता का? खड्डा आला, दुखतंय का. वळण आलं, दुखतंय का. जरा डोळा लागतोय तोवर, आता कसं वाटतंय. तुमचे साडू काही विचारत नाहीत. त्यांना माझ्या पाठीचं काय पडलंय?"

सेल्समन एकदम दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या शोधात निघून गेला. सीटवाल्याने चावी परत मागून घेतली.

परतताना त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. पहिल्या खड्ड्याला जीभ शिवशिवली. दुसऱ्याला त्याने स्टिअरिंग आवळून धरलं. तिसरा खड्डा आला तेव्हा बायकोची मान कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, आणि ती घोरत होती. साडूच्या गाडीत घोरली असेल त्याहून जोरात, असं त्याचं ठाम मत झालं.

आता सरळ घरी जावं की नाही? पण माणसाचा स्वभाव एका दुपारीत थोडाच जातो. त्याने गाडी साडूच्या गल्लीत घातली. साडू फाटकाशी नवी गाडी पुसत होता. याला पाहून त्याने फडकं हलवलं आणि हाक मारायला तोंड उघडलं. सीटवाल्याने ओठांवर बोट ठेवलं, शेजारी खूण केली, आणि तिथून गाडी जितकी हळू नेता येईल तितकी हळू नेली.

गल्लीच्या टोकाला बायको डोळे न उघडताच म्हणाली, "दाखवून झालं?"

सीटवाला कानापर्यंत लाल झाला.

"झालं असेल तर लांबच्या रस्त्याने घ्या," ती म्हणाली आणि उशीत कंबर नीट रोवली. "अजून झोप पुरी व्हायचीय माझी."