ओंडक्यावरची ताटली

त्या मंगळवारी थर्केलबाई पाहुणा घेऊन आल्या. त्या आमच्या मॅजिस्ट्रेटच्या पत्नी. इंग्लंडहून कुणी आलं की त्याला आधी धबधबा दाखवायच्या, मग माझे वडील.

बाबा अंगणात लाकडं फोडत होते. पाहुण्याने कुऱ्हाडीपासून बेताचं अंतर राखून विचारलं, "मिस्टर क्रेक, ते... चवीला कसं होतं?"

"अळणी," बाबा म्हणाले. "पळताना मीठ घ्यायचं राहिलं, साहेब. घाईत होतो."

"अगं बाई!" म्हणत थर्केलबाई नीट ऐकू यावं म्हणून पुढे सरकल्या.

चाळीस वर्षांपूर्वी बाबा पश्चिम किनाऱ्यावरच्या तुरुंगातून चौघांबरोबर पळाले होते. सात आठवड्यांनी एकटेच सापडले. कोण कसं मेलं, कुणी कुणाला खाल्लं, सगळं पहिल्याच दिवशी खरं सांगून टाकलं. तुरुंगाच्या साहेबांना वाटलं, हा साथीदारांना लपवतोय. चार माणसांचा तपास झाला नाही. हरवलेल्या सरकारी कुऱ्हाडीबद्दल मात्र पन्नास फटके बसले.

इंग्लंडचे कैदी आणून सोडायचे त्या आमच्या बेटाचं आता नावही बदललंय. जुन्या नावाला बेड्यांचा वास यायचा. गावात कैद्याचं मूल एकही नाही; सगळ्यांचे वडील हवापालटासाठी आले होते. फक्त माझेच तेवढे जहाजातून बांधून आणलेले.

बाबा कधीच कुणासमोर जेवले नाहीत. मी लहान असताना कारण विचारलं होतं.

"जंगलात जेवायला बसलं की जो तो दुसऱ्याच्या हातांकडे बघायचा. डोळ्यांना ती सवय लागलीय, पोरी. तुझ्या हातांकडे मला तसं बघायचं नाही."

तेव्हापासून मी त्यांची ताटली अंगणातल्या ओंडक्यावर ठेवायचे. आत टेबलाशी मी आणि माझी पुस्तकं. मी शाळेत शिकवते. मुलींच्या आयांना ही व्यवस्था बरी वाटायची. मलाही वाटायची. म्हणून मी कधी आग्रह केला नाही.

त्या दिवशीही ताटली बाहेर ठेवली. मटण आणि बटाटे.

"बटाटे कच्चे आहेत गं," बाबा खिडकीतून म्हणाले. "असू देत. मी कच्चंही खातो, हे थर्केलबाईंना सांगता येईल."

सकाळी ते उठलेच नाहीत.

दफनाला सगळा गाव आला. नंतरच्या जेवणासाठी मी मेंढीची अख्खी तंगडी भाजली होती. आमच्याकडे तशीच रीत आहे; बाबांच्या नावाने ती पाळायची नसते, हे माझ्या लक्षात आलं नाही. पाव संपला, चीज संपलं, लोणच्यातले कांदे संपले. तंगडीला कुणी सुरी लावली नाही.

"पोट अगदी भरलंय," पावाचा चौथा तुकडा घेत पाद्री म्हणाले.

थर्केलबाईंनी माझा हात थोपटला. "केझाया, सगळ्या अफवा गं. आमचा कुणाचा कधी विश्वासच नव्हता." बोलताना त्यांची नजर तंगडीवरून हलत नव्हती.

मी मटणाचा मोठा काप काढला, शेजारी दोन बटाटे ठेवले आणि सवयीने ताटली घेऊन दारापर्यंत गेले. बाहेर ओंडका रिकामा होता. मी परत फिरले. ताटली माझ्या जागेसमोर मांडली, तिथली खुर्ची ओढली. मुलींच्या आया चमचे खाली ठेवून बघत होत्या. दार उघडंच होतं. थर्केलबाईंनी दचकून तिकडे पाहिलं.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "आत या. माझ्यासमोर बसून जेवा. बघा माझ्या हातांकडे, खुशाल बघा."