डाव्या पायच्याची उंची

ताठ कणा हाच माणसाच्या स्वाभिमानाचा खरा आधार. मास्तरांचा हा आधार कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांमधून बाहेर सरकला होता आणि डाव्या पायाच्या नसेवर ठाण मांडून बसला होता. स्वाभिमानाचं म्हणाल, तर पँट चढवायला त्यांना बायको लागायची.

मास्तर म्हणजे शिंपी. कापायच्या टेबलावर वाकण्यात त्यांची हयात गेली होती. मोठ्या डॉक्टरांनी कमरेचा फोटो उजेडासमोर धरला, ऑपरेशनचा विषय काढला आणि मास्तरांचा चेहरा बघून गुंडाळून ठेवला. आधी दीड महिना व्यायाम करून बघू, म्हणाले. मास्तर सुईला घाबरत नव्हते, सुईशी त्यांचा जन्माचा घरोबा. भीती होती ती पावलाची. त्यांचं मशीन पायाने चालायचं आणि त्यात डाव्या पावलाचा जोर मोठा. कमरेत कुणी सुरी घातली आणि पाऊल गेलं, तर दुकानाला कुलूपच.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या होत्या. गुडघे छातीशी घ्या, काका. कंबर उचला, काका. हातागुडघ्यांवर येऊन पाठ मांजरासारखी फुगवा. दुखलं तर तिथेच थांबा. एक गोष्ट मात्र त्यांनी निघताना पुन्हा बजावली: पाऊल घसटायला लागलं, तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी यायचं. मास्तरांनी मान डोलावली. मान तेवढी अजून व्यवस्थित होती.

घरी सतरंजी पसरून मास्तर मांजर झाले. मेहुणा सोफ्यावर बसून बघत होता. 'दाजी, मांजर जमलंय,' तो म्हणाला, 'पण वयस्कर वाटतंय.' बायकोने भावाला गप्प केलं आणि मास्तरांना कोपर धरून उभं केलं. दुकानात तर येणारा प्रत्येकजण डॉक्टर होता. कुणी उलटं लटकायला सांगितलं, कुणी फळीवर झोपायला. मास्तर सगळ्यांचं ऐकून घेत आणि करत मात्र बाईंनी सांगितलेलंच. एवढ्या इमानाने त्यांनी आयुष्यात फक्त काज केले होते.

आणि गुण आला. आधी मांडीतली कळ गेली, मग पोटरीतली. मास्तर शिट्टी वाजवत दाढी करू लागले. भेटेल त्याला धरून सांगायचे, ऑपरेशन म्हणजे थोतांड, सतरंजी घ्या.

त्याच सुमारास पँटीचा डावा पायचा बुटाखाली यायला लागला. उंबऱ्यात अडकला, जिन्यावर अडकला. कापड अडकलं की शिंप्याला कापडाचीच चूक दिसते. मास्तरांनी पायचा बोटभर वर घेतला आणि तुरपाई मारली. अडकणं थांबलं. चार दिवसांनी पुन्हा सुरू झालं. त्यांनी आणखी वर घेतला, मग कपाटातल्या बाकीच्या पँटी काढल्या.

बायको भाजी निवडता निवडता बघत होती. 'अहो, धुतल्यावर पँट आटते,' ती म्हणाली. 'तुमची वाढते कशी?'

'कापडाच्या जाती असतात. तुला नाही कळायचं.'

'आणि एकच पाय वाढतो?'

'उभा धागा सैल पडला असेल.'

'सगळ्या पँटींचा? डावीकडचाच?'

मास्तर म्हणाले की तीस वर्षं हा धंदा कोण करतंय. यावर ती पुन्हा भाजी निवडायला लागली. पुढे तिला याचंच जास्त लागून राहिलं.

दीड महिन्याने मास्तर बायकोला आणि मेहुण्याला घेऊन रुबाबात डॉक्टरांसमोर उभे राहिले. दुखतंय का? अजिबात नाही. डॉक्टरांनी चालून दाखवायला सांगितलं. मास्तर चालले. डावा बूट जमिनीवर टप् टप् वाजत होता. मग टाचांवर चाला म्हणाले. उजवा चवडा उचलला गेला. डावा जमिनीवरच राहिला. मास्तरांनी त्याच्याकडे खाली वाकून पाहिलं, पुन्हा जोर लावला, मग हाताने पँट वर धरून जोर लावला. पाऊल दुसऱ्या कुणाचं असावं तसं पडून होतं.

'घसटत नव्हतं?' डॉक्टरांनी विचारलं.

'पँट लांब होत होती,' मास्तर म्हणाले.

खोलीत कुणी हसलं नाही. मेहुणासुद्धा नाही. बायकोने पर्सची चेन उघडली आणि लावली. डॉक्टरांनी समजावलं की व्यायामाचा यात दोष नाही, थांबायचं तेव्हा थांबायला हवं होतं. दुखणं बरं झालं म्हणून गेलं नव्हतं. नस दबून दबून इतकी थकली की तिने कळवणंच सोडलं. आता ऑपरेशन उद्याच.

मास्तरांनी विचारलं, व्यायाम दुप्पट केला तर? डॉक्टर नाही म्हणाले. मेहुण्याने विचारलं, ऑपरेशननंतर पाऊल परत येईल ना? डॉक्टर म्हणाले, येईल, किंवा येणार नाही, इतक्या उशिरा सांगता येत नाही.

मग डॉक्टर जेवायला गेले, कारण दीड वाजला होता.