पडद्यावरच्या ओळी

प्रयोगशाळा माझी, मुलगा माझा, आणि सून दोन्हीकडे उपरी. पदवी मिळाली की तिची परदेशातली नोकरी पक्की होती. माझ्या डोळ्यांदेखत पोराला घेऊन जाणार! म्हटलं, बघूच.

तिचा विषय पोटॅशियम. सिलिकॉनचा तुकडा तापवून स्वच्छ केला की वरचे अणू ठरावीक नक्षीत बसतात, आणि पडद्यावर त्या नक्षीचे ठिपके दिसतात. त्यावर पोटॅशियमचा पुसटसा थर दिला आणि गरम केलं, की ती नक्षी मोडते, ओळी उमटतात. किती पोटॅशियमने मोडते, हे तिला परीक्षकांना दाखवायचं होतं. पण आधी स्वच्छ नक्षी दिसायला हवी. घामात सोडियम असतं, तेही पोटॅशियमच्याच घराण्यातलं, नक्षी तशीच मोडणारं.

मी मागे उभी राहिले की तिच्या तळहातांना घाम सुटतो. ओल्या हातमोज्यात बारीक स्क्रू धरवत नाही. परीक्षेच्या दिवशी ती तुकडा बसवत होती, तेव्हा मी बरोब्बर तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिले.

"अगं, आटप की! परीक्षक काय जन्मभर थांबणार आहेत?"

तिने पटकन हातमोजा काढला आणि उघड्या बोटांनी स्क्रू पिळला. मी पाहिलं. बोलले नाही.

पंपाने हवा ओढून घेतली, तुकडा तापला, पडदा उजळला. पोटॅशियम अजून सोडलंच नव्हतं, आणि ओळी आधीच हजर!

"हे कसं काय?" परीक्षकांनी विचारलं.

तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं. "चूक माझी, सर. हातमोजा काढला."

"मग पुढच्या वर्षी या."

जिवाला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

घरी मुलगा बॅग भरत होता. "तुझ्या बायकोने माती खाल्ली," मी म्हटलं.

"कळलं. मी एकटाच जातो, आई. मलाही तिथे नोकरी लागलीय. हिला तू सांभाळ."

सून दारातच उभी होती. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

तो गेला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी सवयीने तिच्या मागे उभी राहिले. "आटप की!"

तिने हातमोजे काढले नाहीत. एकेक आटा फिरवत, सावकाश स्क्रू बसवला.

"उभ्या राहा, आई," ती मान न वळवता म्हणाली. "आता मला घाम फुटावा असं तुमच्याकडे उरलंय काय?"